‘मी तुला रस्ता ओलांडताना पाहिलं’: धातुसाधितं ओळखायची कशी आणि वापरायची कशी

समजा तुम्हाला मेसेज आला, ‘काल मी तुला रस्ता ओलांडताना पाहिलं.’ आता सांगा, रस्ता कोण ओलांडत होतं? मेसेज पाठवणारा की तुम्ही? दोन्ही अर्थ लागतात आणि वाक्यात चूक अशी एकही नाही. सगळा घोळ त्या ‘ओलांडताना’ या एका शब्दात आहे, कारण त्या शब्दाला स्वतःचा कर्ताच नाही, तो आजूबाजूला बघून कोणाचा तरी उसना घेतो, आणि इथे घेण्यासारखे दोघं जण उभे आहेत.

अशा शब्दांना मराठी व्याकरणात धातुसाधित म्हणतात, संस्कृतवाले कृदन्त म्हणतात आणि इंग्रजीच्या तासाला पार्टिसिपल म्हणून आपण जे पाठ केलेलं असतं तेही याच घराण्यातलं. शाळेत हा धडा प्रत्ययांची यादी म्हणून शिकवला जातो, ऊन, ताना, णारा, लेला, पाठ करा आणि पुढे चला, आणि म्हणूनच तो डोक्यात राहत नाही असं माझं ठाम मत आहे. यादीपेक्षा दोन प्रश्न लक्षात ठेवा. धातुसाधित दिसलं की विचारायचं, हे काम करतंय कोण? आणि, हे मुख्य कामाच्या आधी, बरोबर की नंतर? क्रियापद या दोन्ही गोष्टी स्वतः सांगतं. धातुसाधित दोन्ही दुसऱ्याकडून घेतं. एवढा एक धागा हातात धरला की पुढचं सगळं त्याला ओवता येतं, तर एकेक पायरीने जाऊ.

पायरी १: आधी मुख्य क्रियापद शोधा

धातू म्हणजे क्रियेचा मूळ शब्द. करणे मधलं ‘णे’ काढलं की उरतो कर, वाचणे मधून वाच, येणे मधून ये. या धातूला प्रत्यय लागून जो शब्द होतो तो वाक्य पुरं करत असेल तर ते क्रियापद, आणि पुरं करत नसेल तर ते धातुसाधित.

टेस्ट कानाने करायची. ‘मुलगी खिडकी उघडते.’ वाक्य संपलं. ‘मुलगी खिडकी उघडून...’ आता कान थांबलाय, बरं मग पुढे काय? ‘खिडकी उघडणारी मुलगी...’ हिचं काय? ‘खिडकी उघडताना...’ काय झालं? तिन्ही ठिकाणी क्रिया आहे, उघडण्याचीच आहे, पण वाक्य लटकलेलं आहे. पाणिनीने हीच विभागणी दोन शब्दांच्या सूत्रात केलीय, ‘कृदतिङ्’. म्हणजे धातूला लागणारे जे प्रत्यय तिङ् नाहीत ते कृत्, आणि तिङ् म्हणजे संस्कृतात क्रियापद पुरं करणारे ते १८ प्रत्यय. कृत् ज्याच्या अंती तो कृदन्त. नाव कुठून आलं ते एकदा कळलं की घाबरायला होत नाही.

म्हणून कुठलंही लांब वाक्य समोर आलं की पहिल्यांदा शेवटाकडे जा, वाक्य मिटवणारं क्रियापद पकडा आणि त्याच्याखाली रेघ मारा. मराठीत ते बहुतेक वेळा शेवटीच सापडतं. मग उरलेल्या वाक्यात क्रियेचा वास येणारे शब्द शोधा.

एक सांगून ठेवतो, बोलताना आपण ‘आहे’, ‘होतं’ गिळतो. ‘दार तर उघडलेलंच’ असं कोणी म्हणालं तर तिथे ‘होतं’ किंवा ‘आहे’ मनात आहे, त्यामुळे उघडलेलं हे धातुसाधितच, ते अचानक क्रियापद झालेलं नाही.

पायरी २: दिसण्यावर जाऊ नका

नवीन शिकणारा इथे हमखास फसतो. शेवटी ‘ऊन’ दिसलं की धातुसाधित असं समजून बसतो, मग ‘घरून’, ‘वरून’, ‘तिथून’ हेही यादीत टाकतो. पण हा ऊन वेगळा, तो ‘कुठून’ सांगणारा पंचमीचा प्रत्यय आहे. ओळखायचं कसं, तर ऊन काढा आणि मागे क्रिया उरते का बघा. करून मधून कर उरतं, क्रिया आहे. घरून मधून घर उरतं, घर ही काही क्रिया नाही. ‘अजून’ मधून तर काहीच हाताला लागत नाही.

उलटीकडचे शब्दही आहेत आणि मला ते फार आवडतात. ‘म्हणून’ हा शब्द मुळात म्हणणे या धातूचं धातुसाधित, जुन्या मराठीत ‘म्हणौनि’, पण आज ‘पाऊस होता म्हणून थांबलो’ यात कोणीच काही म्हणत नाहीये, शब्द झिजून झिजून नुसता जोडणारा झालाय. ‘मिळून’ (दोघं मिळून करा), ‘सोडून’ (तुला सोडून सगळे आले), ‘चुकून’, ‘हटकून’, ‘आवर्जून’ यांचंही तेच. आवर्जून मधला धातू तर आता रोजच्या बोलण्यात कोणी वापरतही नाही, धातुसाधित तेवढं मागे राहिलंय. अशा शब्दांना कर्ता कोण असं विचारत बसू नका, ते आता पक्के अव्यय झालेत.

पायरी ३: शब्द कोणाचं काम करतोय?

धातुसाधित तीनपैकी एक काम करतं. नामाचं करतं (‘पोहणं सोपं आहे’), विशेषणाचं करतं (‘पोहणारा मुलगा’) किंवा क्रियाविशेषणाचं करतं (‘मुलगा पोहून आला’). नामाचं काम सरळ आहे, त्यात गोंधळ होत नाही, म्हणून ते इथेच सोडतो.

विशेषण आणि क्रियाविशेषण यातला फरक प्रश्न विचारून कळतो. ‘कोणता, कसला’ याचं उत्तर मिळालं तर विशेषण, ‘कसं, कधी, कशाने’ याचं मिळालं तर क्रियाविशेषण. आणखी सोपी खूण म्हणजे नाम बदलून बघा. मुलगाच्या जागी मुलगी टाका. ‘पोहणारा’चं ‘पोहणारी’ झालं, म्हणजे विशेषण. ‘पोहून’ तसंच राहिलं, म्हणजे क्रियाविशेषण. ऊन, ताना, त, आणि ‘न सांगता’ मधला ता, हे कधी हलत नाहीत. णारा, लेला, वाहता मधला ता आणि करायचा मधला यचा हे लिंगवचनाबरोबर वळतात आणि नामाला विभक्ती लागली की ‘पडलेल्या झाडावर’, ‘येणाऱ्या गाडीत’ असे सामान्यरूपातही जातात.

संस्कृतातून तयार आलेली धातुसाधितं मात्र विशेषण असूनही वळत नाहीत. लिखित नियम, लिखित परवानगी, लिखित उत्तर, सगळीकडे लिखितच. वाचनीय, कर्तव्य, देय, विद्यमान ही त्याच घरातली.

पायरी ४: विशेषणाचं काम करणारी चार

‘णारा’ हा करणाऱ्याला चिकटतो. गाणारी मुलगी म्हणजे जी गाते ती. पण काळ? तो याच्याकडे नाही. ‘येणारी गाडी’ ही आत्ता येत असलेली असू शकते, रोज येणारी असू शकते, उद्याची असू शकते. ‘काल येणारी गाडी आलीच नाही’ हे वाक्य बघा, गोष्ट कालची, गाडी आलेलीच नाही, तरी ‘येणारी’ बरोबर आहे, कारण यायची होती. तेव्हा णारा म्हणजे भविष्यकाळ असं कोणी ठोकून सांगितलं तर अर्धंच ऐका. (‘मी जाणार’ मधलं णार वेगळं, ते वाक्य पुरं करतं.)

‘ता’ आता थोड्याच शब्दांत ताजा आहे, वाहतं पाणी, चालती गाडी, बोलता पोपट, पण जिथे आहे तिथे छान बसतो. नवीन क्रियेला तो सहजी लागत नाही, तिथे आपण ‘त असलेला’ वापरतो, ‘मी राहत असलेलं घर’.

‘यचा’ म्हणजे अजून करणं बाकी आहे किंवा त्या कामासाठी आहे. वाचायचं पुस्तक, प्यायचं पाणी, भरायचा फॉर्म. ‘तो रोज यायचा’ यात मात्र हेच रूप वाक्य पुरं करतंय, तिथे ते रीतिभूतकाळाचं क्रियापद आहे, म्हणजे परत पहिल्या पायरीकडे.

आता ‘लेला’, यावर जरा थांबतो कारण खरी मजा इथे आहे. पडलेला मुलगा, यात पडलं कोण? मुलगा. वाचलेलं पुस्तक, यात वाचलं कोणी? पुस्तकाने नक्कीच नाही. म्हणजे एकच प्रत्यय एकदा करणाऱ्याला चिकटतो आणि एकदा ज्याच्यावर काम झालं त्याला. नियम तसा साधा आहे, क्रिया अकर्मक असेल (पडणे, झोपणे, तुटणे) तर लेला कर्त्याकडे जातो, सकर्मक असेल (वाचणे, लिहिणे, फोडणे) तर कर्माकडे. म्हणून ‘मारलेला माणूस’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे मार खाल्लेला येतो, मारणारा नाही.

पण मग ‘शिकलेला माणूस’? शिकणे सकर्मक आहे, ‘शिकलेला धडा’ बरोबर आहे, तरी शिकलेला माणूसही अगदी बरोबर. तसंच जेवलेला, प्यायलेला, साडी नेसलेली, चष्मा घातलेला. या सगळ्या क्रिया एकत्र ठेवून बघा, काय समान आहे? प्रत्येकीत जे काम होतं ते करणाऱ्याच्याच अंगावर, पोटात नाहीतर डोक्यात जाऊन बसतं. पुस्तक वाचून खाली ठेवता येतं, चष्मा घातला की घालणाराच बदललेला दिसतो, म्हणून लेला त्याला चिकटू शकतो. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी वेळ मी एकेक क्रियापद घेऊन तपासत बसलो होतो, आणि भाषा किती बारीक विचार करते याचं तेव्हा जे वाटलं ते अजून वाटतं.

कर्म बरोबर दिलं तर इतर क्रियांनाही थोडी सवलत मिळते. ‘वाचलेली मुलं’ एवढंच म्हटलं तर ‘जीव वाचलेली’ असं ऐकू येतं, पण ‘ते पुस्तक वाचलेली मुलं’ म्हटलं की वाचणारी मुलं हाच अर्थ लागतो.

बाकी ‘गेला आठवडा’, ‘पिकलं पान’ यात लेला नाही नुसता ला आहे तरी ते विशेषणच आहे, जुनी रीत काही ठरावीक शब्दांत टिकून राहिलीय एवढंच.

पायरी ५: ‘ऊन’ आणि एकच कर्ता

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं आणि सगळ्यात जास्त चुकणारं धातुसाधित हेच. काम दोन गोष्टी सांगायचं: ही क्रिया आधी झाली, आणि दोन्ही क्रिया एकानेच केल्या. संस्कृतातल्या क्त्वा प्रत्ययासाठी (‘गत्वा’ म्हणजे ‘जाऊन’, त्यातला त्वा) पाणिनीचं सूत्र आहे ‘समानकर्तृकयोः पूर्वकाले’, म्हणजे दोन्ही क्रियांचा कर्ता समान असताना आधीच्या क्रियेला हा लागतो. बघा, आपले दोन्ही प्रश्न, कोण आणि कधी, त्या एका सूत्रात बसलेत. मराठी ऊन महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘ऊण’वरून आला आणि सवयी जुन्याच घेऊन आला.

‘ती घरी येऊन झोपली.’ आली ती, झोपली ती. ठीक.

‘पासवर्ड टाकून पेज उघडेल.’ हे वाक्य तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. पासवर्ड कोण टाकतंय? पेज? सूचना लिहिणाऱ्याला म्हणायचं होतं ‘पासवर्ड टाकल्यावर पेज उघडेल’. कर्ते दोन असले की ऊन सोडायचा आणि ‘ल्यावर’ घ्यायचा, त्याला समान कर्त्याची अट नाही. किंवा कर्ता एक करायचा, ‘पासवर्ड टाकून पेज उघडा’, आता दोन्ही तुम्हीच करताय. सूचना, नोटीस, अर्ज लिहिताना ही एक गोष्ट तपासली तरी निम्म्या चुका जातील, अगदी मनापासून सांगतो, कारण अशा वाक्यात वाचणाऱ्याला आपण नक्की काय करायचंय हेच कळत नाही आणि तो उगाच स्वतःला कमी समजतो.

आता अपवाद, आणि ते अपवाद म्हणून पाठ करायचे नाहीत, त्यामागचं कारण बघायचं.

‘पाऊस पडून रस्ते ओले झाले.’ ‘हात लागून कप फुटला.’ कर्ते वेगळे, तरी वाक्यं चांगली. इथे कोणी ठरवून काही केलेलं नाही, एकामुळे दुसरं आपोआप झालं, त्या कारणाच्या दोरीनेच दोन क्रिया बांधल्या गेल्यात. पासवर्ड मात्र आपोआप टाकला जात नाही, तो कोणीतरी हाताने टाकतं, म्हणून तिथे खटकतं.

‘मला ते ऐकून वाईट वाटलं.’ व्याकरणाने वाटलं चा कर्ता ‘वाईट’ आहे, पण ऐकणारा आणि वाईट वाटून घेणारा दोन्ही मीच. भाषा इथे मनाचा मालक बघते, विभक्ती नाही बघत.

‘त्याला जाऊन दोन वर्षं झाली.’ जाणारा तो, होणारी वर्षं. किती काळ लोटला हे सांगायची ही आपली खास रीत आहे आणि तिथे हे चालतंच.

नकार करताना ऊन सहसा जातो आणि ता येतो. ‘सांगून गेला’चं उलट ‘न सांगता गेला’. ‘न सांगून गेला’ असं कोणी म्हणत नाही.

आणि ऊन दरवेळी ‘आधी’च सांगतो असंही नाही. ‘हसून म्हणाली’ यात हसणं आणि म्हणणं एकदमच, ऊन इथे कशा रीतीने ते सांगतो. ‘इतकं शिकून त्याला हे येत नाही’ यात तर ‘शिकला तरीही’ असा अर्थ आहे. संदर्भ बघून ठरवायचं.

पायरी ६: ‘ताना’, ‘त’ आणि ‘ताच’

ताना म्हणजे त्याच वेळी. याला समान कर्त्याची सक्ती नाही, ‘मी निघताना पाऊस आला’ एकदम नीट आहे. सक्ती नाही म्हणूनच सुरुवातीच्या मेसेजसारखा घोळ होतो, ‘मी’ आणि ‘तुला’ दोघंही रांगेत उभे. सोडवायचा उपाय म्हणजे ज्याचं काम त्याला ताना च्या शेजारी आणून बसवा आणि ‘त असताना’ करा. ‘तू रस्ता ओलांडत असताना मी तुला पाहिलं.’ किंवा ‘मी रस्ता ओलांडत असताना तू मला दिसलास.’ वाक्य दोन शब्दांनी लांबतं, लांबू दे.

नुसता ‘त’ कसं ते सांगतो, रडत आली, धावत गेला, आणि दोनदा आला की रेंगाळल्यासारखं होतं, हसत हसत. ‘बोलता बोलता’, ‘बघता बघता’ यात काम चालू असतानाच नकळत दुसरं झालं असा भाव आहे. आणि ‘ताच’ म्हणजे लगेच, मधे फटच नाही. ‘तो येताना’, ‘तो येताच’, ‘तो आल्यावर’ ही तीन एका पाठोपाठ मोठ्याने म्हणून बघा, वेळ कशी सरकते ते ऐकू येईल.

पायरी ७: कामं दोन की एक?

‘तिने पत्र वाचून फाडलं.’ कामं दोन, आधी वाचलं मग फाडलं. ‘तिने पत्र वाचून टाकलं.’ टाकलं कुठे? कुठेच नाही. काम एकच, वाचणं, आणि ‘टाकलं’ने फक्त ते संपवल्याची छटा दिली. अशी जोडी म्हणजे संयुक्त क्रियापद, तिथे धातुसाधित मुख्य अर्थ देतं आणि पुढचं क्रियापद सहाय्यक होतं. करून बघ, पडून गेलं, खेळू लागली, येऊ दे, सगळी तीच जात.

ओळखायचं कसं? दोन्हीच्या मधे ‘आणि मग’ घाला. ‘वाचलं आणि मग फाडलं’ चाललं. ‘वाचलं आणि मग टाकलं’ म्हटल्यावर अर्थच बदलला, म्हणजे ते संयुक्त होतं. कधीकधी दोन्ही लागतं. ‘चिठ्ठी लिहून ठेवली’ म्हणजे लिहिली आणि टेबलावर ठेवली, नाहीतर पुढे लागेल म्हणून आधीच लिहिली. तिथे आधीचंमागचं वाक्य वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका, आणि परीक्षेत असं एकटं वाक्य आलं तर दोन्ही शक्यता लिहा.

थोडं थांबा, सगळीकडे धातुसाधित घालू नका

एकदा हात बसला की माणूस वाक्यात धातुसाधितांची माळ लावतो. ‘काल आलेल्या मुलाने आणलेल्या पिशवीत ठेवलेली वाचायची पुस्तकं हरवली.’ चूक काही नाही, पण वाचणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशी थांबून कोणाचं कोण हे जुळवावं लागतं. दोनच्या वर गेलं की वाक्य तोडा, नाहीतर ‘जो...तो’ घ्या.

आणि काही ठिकाणी तर जो...तो ला पर्यायच नाही. ‘ज्याच्याशी मी बोललो तो माणूस’ याचं ‘मी बोललेला माणूस’ करून बघा, ‘शी’ कुठे गेला? धातुसाधिताला तो शब्दयोगी, ती विभक्ती बरोबर नेता येत नाही. ‘मी बसलेली खुर्ची’ चालतं कारण खुर्चीत बसतात हे सगळ्यांना माहीत आहे, गाळलेलं आपोआप भरून येतं. ‘मी गेलेला मित्र’ चालत नाही कारण मित्राबरोबर, मित्राकडे, मित्रासाठी, काहीही असू शकतं.

लिहिताना सांभाळायच्या जागा

‘करुन’ नाही, ‘करून’. शब्द अकारान्त आहे, त्यात शेवटून दुसरा उकार दीर्घ, त्यामुळे बसून, लिहून, पाहून सगळे दीर्घ.

‘ठेऊन’ की ‘ठेवून’? धातूच्या शेवटी व आहे का बघा. ठेव, धाव, जेव, लाव यांना व आहे, तो कुठे जात नाही, ठेवून, धावून, जेवून, लावून. जा, खा, ये, घे, दे, गा यांना व नाही तर आणायचाही नाही, जाऊन, खाऊन, येऊन, घेऊन, देऊन, गाऊन. ही एक टेस्ट कायमची कामी येते.

‘करतांना’ वरचा अनुस्वार आता देत नाहीत, ‘करताना’ लिहा. ‘लिहीलेला’, ‘पाहीलेला’ नाही, लिहिलेला, पाहिलेला, तिथे हि ऱ्हस्व.

‘करणार्या’ असं टाइप झालेलं फार दिसतं. तिथे हवा ‘ऱ्या’, म्हणजे करणाऱ्या, येणाऱ्या. साधा र घेऊन जोडलं की तो रफार होऊन य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चारच बदलतो, दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन, एवढा फरक पडतो. कीबोर्डवर खाली टिंब असलेला ऱ वेगळा मिळतो, तो शोधून ठेवा.

आणि ‘पडलेले’ हे लेखी रूप दोन कामं करतं, ‘पडलेले झाड’ आणि ‘पडलेले दगड’. बोलण्यात मात्र ‘पडलेलं झाड’ आणि ‘पडलेले दगड’ असा फरक आपोआप होतो, म्हणून गोंधळ झाला की वाक्य मोठ्याने बोला.

आता एक उतारा हातात घेऊन बघू

‘पावसात भिजलेली मुलगी धावत जिन्यावरून वर आली. दार उघडताना तिच्या हातातली पिशवी सुटून खाली पडली आणि आतली वही भिजून गेली. न रागावता तिने पानं वाळायला ठेवली आणि खिडकीशी बसून राहिली.’

मुख्य क्रियापदं पाच: आली, पडली, गेली, ठेवली, राहिली. आता बाकीचे. ‘भिजलेली’ विशेषण, भिजणे अकर्मक म्हणून मुलीलाच चिकटलं, आणि भिजणं येण्याच्या आधीचं. ‘धावत’ क्रियाविशेषण, येण्याच्या बरोबरीचं. ‘जिन्यावरून’ हे सोंग आहे, ऊन काढला तर क्रिया उरत नाही, सोडून द्या. ‘उघडताना’ चा कर्ता ती आणि पडली चा कर्ता पिशवी, पण ताना ला ते चालतं आणि पिशवी दार उघडेल अशी शंका कोणाला येत नाही, म्हणून ‘उघडत असताना’ करायची गरज नाही. ‘सुटून’ आधीचं, सुटली पिशवी आणि पडलीही पिशवी, एकच कर्ता. ‘भिजून गेली’ मधे वही कुठे गेली नाही, काम एकच, संयुक्त क्रियापद. ‘न रागावता’ हा ऊनचा नकार. ‘वाळायला’ म्हणजे वाळण्यासाठी, वाळायचंय पानांना आणि ठेवलं तिने, हा यला कशासाठी ते सांगतो आणि कर्ता वेगळा असला तरी त्याचं अडत नाही.

उरलं ‘बसून राहिली’. ‘आणि मग’ घालून बघा, ‘बसली आणि मग राहिली’, नाही जमत. काम एकच, बसणं, आणि ‘राहिली’ने ते लांबवलं, उठलीच नाही असं. इथे नुसतं ‘बसली’ लिहिलं असतं तर वाक्य बरोबरच होतं, फक्त ती किती वेळ तिथे होती ते आपल्याला कळलं नसतं.